घुशीच्या वाटणीची फांदी

एका जंगलात, नदीच्या वळणाला अगदी खेटून, एक घूस राहत असे. मघा नक्षत्रातला तो पूर आला तोपर्यंत तिचे सगळे बरे चालले होते. पाच पिढ्यांनी कोरलेले बीळ होते. त्याला दोन दारे होती, दाणे साठवायला एक कोनाडा होता आणि पिल्लांसाठी वाळक्या गवताची एक ऊबदार खोली होती. काठावरची माणसे, म्हणजे काठावरचे प्राणी म्हणायला हवे, घुशीला फारसा मान देत नसत. घूस म्हटले की नाके मुरडायची ही जगाची रीतच आहे. पण तिलाही कुणाच्या मानाची गरज नव्हती. घर कोरडे होते, एवढे तिला पुरे होते.

पूर आला तेव्हा तिने पिल्लांना तोंडात धरून एकेक करून वरच्या खडकावर नेऊन ठेवले. पिल्ले चार होती. तिसरे ठेवून ती मागे वळली तेव्हा जायला बीळच उरले नव्हते. तिथे तांबडे पाणी गरगर फिरत होते. यावर जास्त काही सांगण्यासारखे नाही, मुलांनो, आणि घुशीनेही कधी कुणाला जास्त सांगितले नाही.

पूर ओसरला आणि गुडघाभर गाळ ठेवून गेला. घुशीने तीन पिल्लांना करवंदीच्या जाळीत ठेवले आणि ती कामाला लागली. आधी स्वतःचे दार शोधायला गेली, तर ते सापडले नाही. पण गाळात रुतलेले म्हातारे कासव सापडले. त्याला उकरून काढण्यात एक दिवस गेला. मग साळिंदराची बायको गाळाने बुजलेल्या बिळात आतून धडका देते आहे असे कळले, तिला काढण्यात दीड दिवस गेला. नखे झिजली, पाठ मोडून आली. जाळीत मात्र रोज ओल चढत होती, आणि तिन्हींतले धाकटे पिल्लू श्वास घेताना घरघर करू लागले होते.

"पोरी, तुझ्या पिल्लाला कोरडी जागा हवी," कासव म्हणाले. "हस्ताचा पाऊस लागला की या जाळीत बेडूकसुद्धा राहायचा नाही."

"कळतंय मला, आजोबा," घूस म्हणाली. "हस्ताला महिना आहे. तेवढ्यात एक बीळ होईल. हात तेवढे चालायला हवेत."

इकडे खाली ही उकराउकर चालली असताना तिकडे वर जंगलाची सभा भरली होती. वळणावर एक मोठा उंबर होता आणि पुरात तो जागचा हलला नव्हता. वानरांच्या टोळीचा हुप्प्या त्याच्या मधल्या बेचक्यात बसला. आजूबाजूला वानर, खारी, पोपट, कावळे अशी सगळी मंडळी जमली. हुप्प्या काही वाईट नव्हता हो. पुरात त्याने स्वतः उडी मारून दोन हरणांची पाडसे ओढून काढली होती. त्याचे मन मोठे होते. फक्त ते बरेच उंचावर होते, आणि तिथून खालचे सगळे एकसारखे दिसत असे.

या जंगलात सभेचा एक जुना रिवाज होता. ज्याला बोलायचे असेल त्याने फांदीवर बसावे आणि ती हलवावी. फांदी हलली की हुप्प्यालासुद्धा गप्प बसावे लागे आणि बोलणाऱ्याचे शेवटपर्यंत ऐकावे लागे. रिवाज छानच होता. ज्यांना फांदीवर चढता येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न तो करणाऱ्यांना पडला नव्हता, कारण ते सगळे फांदीवर बसले होते.

तीन दिवस सभा चालली. चौथ्या दिवशी पोपट काठाकाठाने ओरडत फिरला, "ऐका हो ऐका! सभेत दोन गोष्टी ठरल्या! काठ खचला तो बिळांनी पोखरल्यामुळे खचला! म्हणून आजपासून या वळणावर कुणीही नखभर माती उकरायची नाही! आणि ज्यांची घरं गेली त्या सगळ्यांना उंबराची एकेक फांदी! लहानमोठा कुणी नाही, सगळ्यांना सारखं!"

नदीवरचा राग बिळांवर निघाला. वड्याचे तेल वांग्यावर निघते ते असे. घूस चिखलाने माखलेली, अर्धी खड्ड्यात आणि अर्धी बाहेर अशी उभी होती. तिला आधी वाटले, पोपट चेष्टा करतो आहे.

"फांदी?" ती म्हणाली. "अरे, मी तिचं काय करू?"

"राहायचं," पोपट म्हणाला. "सभेनं ठरवलंय. सर्वानुमते."

"माझं मत कधी घेतलंत?"

"तू आली नव्हतीस."

"मी साळिंदराच्या बायकोला काढत होते."

"ते मला सांगू नकोस," पोपट म्हणाला. "ज्यानं त्यानं सभेला यावं. आम्ही सगळे आलो होतो की नाही?" आणि तो पुढच्या काठावर ओरडायला गेला.

घुशीला तिची फांदी दाखवण्यात आली. ढोलीच्या वरची तिसरी. तिला एक पान नव्हते. ती वाळून खडखडीत झाली होती. साळिंदराच्या वाट्यालाही वाळकीच आली, कासवाच्याही. हिरव्या फांद्या आधी आलेल्यांनी घेतल्या होत्या, आणि आधी कोण आले होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. बेडकाला तर थेट शेंड्याजवळची मिळाली. तो रोज सकाळी खालून ती डोळे भरून बघायचा आणि डबक्यात परत जायचा.

"भांडायला हवं," साळिंदर काटे फुलवून म्हणाला.

"भांड तू," घूस म्हणाली. "मला आधी जरा बसू दे." ती बसली आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला. आठ दिवसांत ती पहिल्यांदाच अशी झोपली होती. धाकट्या पिल्लाच्या घरघरीने तिला जाग आली.

जागी झाल्यावर तिने ठरवले, बंदी गेली खड्ड्यात. आईला कसली बंदी? दुपारी सभा वडाकडे फळे बघायला गेली होती, तेवढ्यात ती उंबराच्या बुंध्याशी गेली आणि दोन मुळ्यांच्या मधल्या कोरड्या जागी उकरू लागली. हातभर खाली गेली आणि थांबली. माती बाहेर यायच्या ऐवजी आत पडत होती. तिने पंजा घातला तो रिकाम्या जागेत गेला. गार वारा लागला. तिने जमिनीला कान लावला, तर खाली खूप आत पाणी चुळुकचुळुक करत होते.

घुशीला माती कळते. आपल्याला जसा घरातला आवाज कळतो, कोण आले, कोण गेले, तशी. ती बुंध्याभोवती पाच ठिकाणी कान लावून आली आणि तिला सगळे समजले. पुराने नदीच्या अंगाने उंबराखालची माती खाऊन टाकली होती. एवढे मोठे झाड नुसत्या वरच्या कवचावर आणि चार मुळ्यांवर उभे होते. पोखरले होते नदीने आणि नाव झाले होते घुशीचे. हस्ताचा एक लोंढा आला की सभा, हुप्प्या, फांद्या आणि फांद्यांवर चढलेले सगळे नदीत.

सभा परतली तशी ती झाडाखाली जाऊन उभी राहिली. "हुप्पेराव! ऐका जरा! झाडाखाली पोकळी आहे!"

वर पिकल्या उंबरांवरून वाद चालला होता. कुणीतरी खाली पाहिले. पोपट म्हणाला, "फांदीवरून बोल. तुला दिलीय ना फांदी?"

मग घूस चढायला लागली. मुलांनो, घुशीला झाडावर चढताना तुम्ही पाहिले नसेल. पाहू नये. पोट मोठे, पाय तोकडे, नखे झिजलेली. ती दोन वीत चढली आणि पाठीवर आपटली. पुन्हा चढली, पुन्हा आपटली. वर सगळे हसले. त्या हसण्यात काही दुष्टावा नव्हता, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागले. तिसऱ्यांदा ती चढलीच नाही. अंगावरची माती झटकून जाळीकडे गेली.

"सांगून झालं, आजोबा," ती कासवाला म्हणाली. "आता पडो ते झाड. माझं कोण आहे त्यावर?"

 कासव म्हणाले, "तुझं कुणी नाही. वानरिणींच्या पोटाशी पिल्लं आहेत तेवढी."

"माहितीय मला!" घूस एकदम चिडून म्हणाली. "तेच माहितीय ना! म्हणून तर झोप लागत नाही!" आणि ती रडली. पूर आल्यापासून ती रडली नव्हती. वेळच झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा उंबराखाली आली. काय करायचे ते तिला सुचले नव्हते. ती नुसती आली होती. वर दोन दांडगे वानर पकडापकडी खेळत होते. एकाने उडी मारली ती नेमकी तिसऱ्या फांदीवर. वाळकीच ती. काडकन मोडली, वानर वरच्या फांदीला लोंबकळला आणि फांदी धाडदिशी घुशीच्या पुढ्यात येऊन पडली.

घुशीने फांदीकडे पाहिले. मग वर पाहिले. मग ती हळूच त्या पडलेल्या फांदीवर चढली, चारही पाय रोवले आणि अंगात होते नव्हते ते बळ लावून ती फांदी हलवली. वाळकी टोके जमिनीवर खडखड वाजली.

सभा वळून बघू लागली.

"ही तिसरी फांदी," घूस म्हणाली. "ढोलीच्या वरची. तुमच्याच पोपटानं दाखवली होती. मी फांदीवर आहे आणि फांदी हलवलीय. आता शेवटपर्यंत ऐका."

हुप्प्याने पोपटाकडे पाहिले. पोपट म्हणाला, "फांदी तिचीच आहे." पोपटाला खोटे सुचत नसे, एवढे त्याचे चांगले होते.

"बोल, बाई," हुप्प्या म्हणाला.

"मी लांबण लावत नाही. मला दम नाही तेवढा," घूस म्हणाली. "नदीनं तुमच्या झाडाखालची माती खाल्लीय. आत पोकळी आहे, खाली पाणी आहे. हस्तात झाड जाणार. तुम्ही उतरा."

 मग एक म्हातारा वानर म्हणाला, "हिला उकरायला मिळावं म्हणून हा बनाव आहे."

"असेल बनाव तर हात घालून बघा," घूस म्हणाली. "भोक मीच पाडलंय. बंदी मोडून पाडलंय. त्याची काय शिक्षा द्यायची ती नंतर द्या."

हुप्प्या खाली उतरला. पुरानंतर त्याचे पाय पहिल्यांदाच चिखलाला लागले, आणि तो जरा शहारला. दोन मुळ्यांच्या मधल्या भोकात त्याने हात घातला. मनगट गेले, कोपर गेले, खांद्यापर्यंत हात गेला तरी तळ लागेना. आणि एकाएकी तो किंचाळला. हात बाहेर आला तो पाण्याने निथळत, आणि बोटाला एक खेकडा लटकलेला.

"कोण घुसलं माझ्या घरात?" खेकडा ओरडला.

"तुझं घर? इथं?"

"पूर गेल्यापासून. ऐसपैस जागा आहे. इकडच्या काठाला शिरलं की तिकडच्या मुळीपर्यंत जाता येतं," खेकडा म्हणाला. मग त्याने डोळे वर करून विचारले, "वर काय आहे हो?"

"आम्ही आहोत," हुप्प्या म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तू सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुणी?" खेकडा म्हणाला.

वानरिणी पिल्लांना घेऊन भराभर खाली उतरल्या. हुप्प्या घुशीसमोर बसला. आता दोघांची तोंडे एका उंचीवर आली होती. तो म्हणाला, "बाई, आता काय करायचं?"

मुलांनो, तुम्हाला वाटेल, घुशीला केवढा आनंद झाला असेल. तसे काही झाले नाही. थकलेल्याला आनंदसुद्धा उचलावा लागतो, आणि तिच्या हातात आता काही उचलायचे बळ नव्हते. ती म्हणाली, "मी एकटी काय सांगणार? मला मातीतलं कळतं. पाणी कुठून शिरतं ते खेकडा सांगेल. नदी पूर्वी कुठून वाहायची ते आजोबांना ठाऊक आहे. साळिंदराला दगड कळतो. सगळ्यांना बोलवा. आणि सभा इथं खाली घ्या. वर आम्हाला येता येत नाही."

सभा खाली भरली. चिखलात बसायला कावळ्यांना आवडले नाही, पण बसले. खेकड्याने पाणी शिरायची दोन तोंडे दाखवली. कासवाने सांगितले की नदी दर मोठ्या पुरात आपली जुनी वाट शोधते, म्हणून काठावर कुणीच घर करू नये; घुशीने नाही आणि हरणानेही नाही. घुशीने आणि साळिंदरांनी ते लगेच मानले. हे त्यांना आधी विचारले असते तरी त्यांनी मानलेच असते. मग साळिंदर म्हणाला, "मागं करंजाचं टेकाड आहे. तिथली माती घट्ट आहे. आम्ही तिथं बिळं करतो."

"आणि त्या बिळांची माती?" घुशीने विचारले.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"ती इथं आणून या पोकळीत भरायची," घूस म्हणाली. "आमची घरं होतील आणि तुमचं झाड उभं राहील. पण माती आम्हाला उकरता येते, वाहून आणता येत नाही. आणि तोंडाशी दगड हवेत. तेही आमच्याच्यानं उचलायचे नाहीत."

"आम्ही आणतो," हुप्प्या म्हणाला.

मग जे काम सुरू झाले ते वीस दिवस चालले. टेकाडात घूस आणि साळिंदरे उकरत होती, वानर पळसाच्या पानांत माती भरून आणत होते, कावळे नदीवर लक्ष ठेवत होते, आणि खेकडा आत शिरून कुठे पोकळ राहिले ते सांगत होता. भांडणेही झाली. दोन वानर माती वाटेतच टाकून पळाले. साळिंदराचे काटे नको तिथे लागले. एकदा तर हुप्प्या आणि कासव दिवसभर एकमेकांशी बोलले नाहीत. सगळे दमले, आणि दमलेली मंडळी फार गोड बोलत नाहीत. पण काम होत गेले. घुशीचे बीळ अठराव्या दिवशी झाले. तिने त्यात वाळके गवत पसरले, पिल्लांना आत नेले, आणि धाकट्याची घरघर आठ दिवसांनी थांबली. गवताच्या त्या खोलीत चार पिल्लांची जागा होती. तिने ती तशीच ठेवली.

हस्त लागला तो गडगडत. नदी चढली आणि उंबराला धडका देऊ लागली. नदीच्या अंगाच्या दोन मोठ्या फांद्या गेल्या. झाड मात्र उभे राहिले.

पाणी उतरल्यावर पुन्हा सभा बोलावली, ती टेकाडाच्या पायथ्याशी, घुशीच्या दारात. ठरवायचे होते एकच. पुढच्या पुरात कुणी कुणाला हाक द्यायची, आणि कुणाची पिल्ले आधी उचलायची. घूस पुढेच बसली होती. बोलणे सुरू झाले, एकेकाने आपापले सांगितले. घुशीची पाळी आली आणि सगळ्यांनी पाहिले, तर ती टेकाडाच्या उताराला टेकून गाढ झोपली होती. तोंड थोडे उघडे होते. झिजलेली नखे पोटावर होती.

"चला, मग ठरलं असं सांगू का?" पोपटाने पंख पसरत विचारले. "सर्वानुमते?"

"थांब," हुप्प्या हळू आवाजात म्हणाला. "तिचं राहिलंय."

"पण ती तर झोपलीय!"

"मग बसा."

आणि सगळे बसले. ऊन टेकाडावरून उतरले तरी बसून राहिले. कुणी खोकले नाही, कुणी कंटाळून उठून गेले नाही. पोपटसुद्धा चोच मिटून बसला, आणि ते त्याला फार जड गेले.

तिसऱ्या प्रहरी घुशीने डोळे उघडले. समोर एवढी मंडळी गप्प बसलेली पाहून ती दचकली. पहिल्यांदा तिला वाटले, पुन्हा पूर आला.

"काय झालं?" ती म्हणाली. "काय ठरलं?"

"काही नाही," हुप्प्या म्हणाला. "तुला विचारायचं होतं. चार पिल्लं असली आणि पाणी चढायला लागलं, तर आम्ही कधी यायला हवं?"

 घूस सरळ बसली आणि सांगू लागली.

तात्पर्य : मोडलेली घरे पुन्हा उभारताना सगळ्यांना सारखे दिले म्हणजे न्याय झाला असे नाही, ज्याचे घर मोडले त्याला आधी विचारावे, आणि तो दमून झोपला असेल तर सभेने त्याच्यासाठी थांबावे.